फोक पंक म्हणजे कुणाचं गाणं?

संशयी : मला आधी एवढंच सांगा, ‘फोक पंक’ ही एकच एक गोष्ट आहे असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? या नावाखाली मी जे जे ऐकलं, त्यात मला सरळसरळ तीन वेगळी घराणी दिसतात आणि त्यांची सोयरीक कुणीतरी मागाहून जुळवल्यासारखी वाटते. पहिलं लंडनचं. १९८२ मध्ये किंग्ज क्रॉस भागात ‘द पोग्स’ हा बँड उभा राहिला. शेन मॅगोवन हा आयरिश आईवडिलांचा, इंग्लंडमध्ये जन्मलेला मुलगा. टिनची बासरी, अकॉर्डियन आणि बँजो यांच्या साथीनं तो आयरिश चाली पंकच्या वेगात आणि पंकच्याच बेपर्वाईनं गाऊ लागला. दुसरं घराणं अमेरिकेतल्या मिलवॉकीचं. ‘व्हायोलंट फेम्स’चा पहिला अल्बम १९८३ चा. त्यात आयर्लंड नाही, वाडवडिलांची चाल नाही, कुठल्या समाजाची आठवण नाही. शाळकरी वयातल्या मुलाची तगमग आहे आणि वाद्यं तेवढी विजेवाचून वाजणारी. तिसरं घराणं त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी फ्लोरिडा, ओहायो, इंडियाना इथल्या घरांच्या तळघरांत वाढलं. तिथे अराजकवाद आहे, मालगाड्यांत चोरून बसून केलेले प्रवास आहेत, दारूशी आणि नैराश्याशी चाललेली झटापट आहे. वर या नावाखाली बिली ब्रॅगलाही बसवतात, जो १९८३ मध्ये एकटा उभा राहून चक्क इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. या सगळ्यांना एका नावानं हाक मारायची, तर त्यांच्यात समान काय, ते तुम्हीच सांगा.

चाहती : तुम्ही प्रत्येकाच्या हातात काय आहे ते पाहताय. मी आधी पंकनं काय कबूल केलं होतं ते पाहते. १९७७ च्या सुरुवातीला ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका हौशी पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डची आकृती छापली गेली. आशय असा, की एवढ्या तीन शिका आणि स्वतःचा बँड काढा. पंकचं सगळं आश्वासन त्या आकृतीत होतं. पण व्यवहारात काय झालं? गिटारला अँप्लिफायर लागतो, अँप्लिफायरला वीज लागते, ड्रम ठेवायला जागा लागते, ते न्यायला गाडी लागते आणि एवढा आवाज सहन करणारे शेजारी लागतात. तीन कॉर्ड फुकट होत्या, बाकी सगळ्याला पैसे पडत होते. ‘व्हायोलंट फेम्स’नी काय केलं बघा. त्यांचा ड्रमर व्हिक्टर डिलोरेन्झो याच्यापुढे रॉक बँडचा नेहमीचा संच नव्हताच. बरंचसं काम एका स्नेअर ड्रमवर, तेही काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशनं. शेजारी त्यानं स्वतः जुळवलेलं एक वाद्य, म्हणजे एका ड्रमवर पालथी घातलेली पत्र्याची मोठी टोपली. ब्रायन रिची अकूस्टिक बेस गिटार वाजवायचा, जी त्या काळी रॉकमध्ये क्वचितच कुणी हातात धरत असे. एवढा संसार घेऊन ते फुटपाथवर वाजवू शकत होते, आणि वाजवतही होते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रिटेंडर्स’ बँडचा कार्यक्रम मिलवॉकीच्या ओरिएंटल थिएटरमध्ये होता. बाहेर रस्त्यावर वाजवणाऱ्या या तिघांना त्या बँडच्या जेम्स हनीमन-स्कॉटनं ऐकलं, आणि त्याच रात्री त्या बँडची गायिका क्रिसी हाइंड हिनं त्यांना आत मंचावर उभं केलं. लोक याला नशीब म्हणतात. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते हे, की आतून बोलावणं येण्याची वाट न बघता ते बाहेर वाजवत होते. पुढे १९९७ च्या सुमारास फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये ‘अगेन्स्ट मी!’ सुरू झाला. त्याच्या पहिल्या दिवसांतला ड्रमर लोणच्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बादल्या बडवत होता. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्याची सोयरीक ही अशी आहे, आणि ती मागाहून जुळवलेली नाही.

संशयी : पण मग याला नवं नाव कशाला? तुम्ही सांगताय ते तर स्किफल झालं. लॉनी डोनेगनचं ‘रॉक आयलंड लाइन’ १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये गाजलं आणि गल्लोगल्ली पोरांनी बँड काढले. कपडे घासायची पत्र्याची फळी घ्यायची, बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालायची आणि फळीवर ताल धरायचा. बेससाठी चहाचं लाकडी खोकं पालथं घालायचं, त्याला एक दांडा आणि एक दोरी. दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, कानावर भरवसा ठेवायचा. जॉन लेननचा ‘क्वॉरीमेन’ असाच सुरू झाला. आज ह्यूस्टनचा ‘डेझ एन डेझ’ हा बँड पत्र्याची फळी आणि एकतारी टबाचा बेस घेऊन गातो तेव्हा त्याला फोक पंक म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी त्यालाच स्किफल म्हटलं असतं. बिली ब्रॅगनं तर २०१७ मध्ये स्किफलच्या इतिहासावर जाडजूड पुस्तक लिहिलं. म्हणजे तुमच्याच माणसानं कूळ सांगून ठेवलं आहे. आणि विजेवाचून वाजवणं ही कसली खूण? १९८९ पासून ‘एमटीव्ही’वर ‘अनप्लग्ड’ चाललं. त्यात कोट्यधीश गायक स्टुलावर बसून अकूस्टिक गिटार वाजवत होते. त्यांना कुणी फोक म्हणत नाही, पंक तर नाहीच नाही.

चाहती : स्किफल आजोबा आहे, हे मला मान्यच आहे. पण स्किफलमधली ब्रिटिश पोरं अमेरिकेतल्या कैद्यांची आणि रेल्वेची गाणी गात होती. ती गाणी त्यांनी लेडबेलीसारख्या तिथल्या गायकांच्या रेकॉर्डवरून उचलली होती. त्यांत त्यांचं स्वतःचं दुःख नव्हतं, दूरच्या देशाची ओढ होती. पोग्सकडे या, म्हणजे फरक कळेल. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबांमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली. आठवड्याभरात दहशतवादविरोधी कायदा आला आणि इंग्लंडमध्ये आयरिश उच्चारात बोलणं हीच संशयाची गोष्ट होऊन बसली. सहा आयरिश माणसांना त्या स्फोटांसाठी जन्मठेप झाली. १९९१ मध्ये न्यायालयाला ती शिक्षा रद्द करावी लागली. या काळात लंडनमध्ये वाढलेली मुलं आईवडिलांच्या घरात जुनी गाणी ऐकत होती आणि रस्त्यावर पंक. त्यांनी दोन्ही एकत्र केली ती गंमत म्हणून नाही; त्यांच्या आयुष्यात ती आधीच एकत्र होती. १९८८ मध्ये पोग्सनी त्या सहा जणांवर गाणं केलं, तेव्हा ब्रिटनच्या नियामक मंडळानं त्याच्या प्रसारणावर बंदी घातली. म्हणजे आरोपींची बाजू घेणारं गाणं आधी आलं, न्याय तीन वर्षांनी आला. स्थलांतरितांच्या जुन्या गाण्यांशेजारी मॅगोवननं आपली गाणी ठेवली आणि सांधा दिसू दिला नाही. त्यांचा कार्यक्रम पाहिलेला माणूस सांगेल : अँड्र्यू रँकेन उभ्यानं दोन-चार ड्रम वाजवतोय, स्पायडर स्टेसी बिअरचा ट्रे तालात स्वतःच्या डोक्यावर आपटतोय, आणि त्या कल्लोळात अकॉर्डियनवर एक निखळ, स्वच्छ चाल चाललीय. आपल्याकडे बँजो म्हटलं की मिरवणुकीतलं कळफलकाचं वाद्य आठवतं. हा बँजो वेगळा, कातडं ताणलेला, तारांचा. त्याचा सूर उमटतो आणि लगेच विरतो, म्हणून कितीही वेगात वाजवला तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. विजेच्या गिटारचा खरखरीत आवाज लांबत राहतो, त्यात चाल बुडते. पंकला वेगही हवा होता आणि चालही, आणि हे कोडं या जुन्या वाद्यानं सोडवलं.

संशयी : छान सांगितलंत, पण वेगाचा दाखला तुमच्यावरच उलटतो. पोग्सची लोकांच्या तोंडी बसलेली गाणी आठवा. १९८७ चं ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ संथ सुरू होतं आणि झोक्याच्या ठेक्यावर पुढे जातं. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं गाणं त्यांनी १९८५ मध्ये गायलं, ते तर शोकगीतच. ते एरिक बोगलनं १९७१ मध्ये लिहिलं होतं. त्याच अल्बमवरचं ‘डर्टी ओल्ड टाउन’ ईवन मॅकॉलचं, १९४९ चं. बोगल आणि मॅकॉल ही दोघं लोकगीतांच्या चळवळीतली माणसं, पंकशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मग ही गाणी पोग्सनी गायली म्हणून फोक पंक, आणि ‘डब्लिनर्स’नी गायली की नुसती फोक? १९८७ मध्ये ते दोन्ही बँड एकत्र ‘आयरिश रोव्हर’ गायले. त्या एका गाण्याचा प्रकार आता कसा ठरवायचा, अर्धा-अर्धा? आणि पुढचं बघा. बॉस्टनजवळच्या क्विन्सीत १९९६ मध्ये ‘ड्रॉपकिक मर्फीज’ निघाला, लॉस एंजेलिसमध्ये ‘फ्लॉगिंग मॉली’. बॅगपाइप, मँडोलिन, त्यावर विजेच्या गिटारींची भिंत, आणि मैदानात खेळ सुरू व्हायच्या आधी लाउडस्पीकरवर ही गाणी. पोग्सकडे जे भोगलेलं होतं, ते इथे वेशभूषेसारखं अंगावर चढवलेलं आहे. याला सेल्टिक पंक म्हणा आणि वेगळं काढा. तुमच्या तळघरातल्या पोरांशी याचं काय नातं?

चाहती : नातं एका माणसाच्या कागदांतून जातं. त्याचं नाव वुडी गथ्री, अमेरिकेचा लोकगायक. तो १९६७ मध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे चाली नसलेल्या शेकडो गाण्यांचे कागद राहिले. त्याच्या मुलीनं, नोरा गथ्रीनं, ते बिली ब्रॅगपुढे ठेवले आणि ब्रॅगनं ‘विल्को’ बँडबरोबर त्यांना चाली दिल्या. १९९८ चा ‘मर्मेड अॅव्हेन्यू’ अल्बम त्यातून झाला. तुमच्या त्या वेशभूषावाल्या ‘ड्रॉपकिक मर्फीज’चं सगळ्यांत गाजलेलं, बॉस्टनवरचं गाणं कुठून आलं? गथ्रीच्याच कागदावरून. २०२२ मध्ये त्यांनी अख्खा अकूस्टिक अल्बम गथ्रीच्या शब्दांवर केला. आणि ‘विल्को’चा जेफ ट्वीडी आधी कुठे होता? ‘अंकल टुपेलो’त. त्यांच्या १९९० च्या ‘नो डिप्रेशन’ या अल्बमवरून अमेरिकेत ‘ऑल्ट-कंट्री’ नावाच्या सगळ्या शेजाराची ओळख ठरली, आणि त्या अल्बमचं नाव कार्टर फॅमिलीनं १९३६ मध्ये गायलेल्या गाण्याचं आहे. म्हणजे सेल्टिक पंक, इंग्लंडचा एकांडा ब्रॅग आणि इलिनॉयची ऑल्ट-कंट्री पोरं एका मेलेल्या माणसाच्या कागदांवर भेटतात. तुम्ही ज्या भिंती घालताय त्या गाणाऱ्यांनी कधी पाळल्याच नाहीत.

संशयी : भिंती पाळल्या नाहीत म्हणजे नाव पोकळ आहे, असाच त्याचा अर्थ होतो. सगळ्यांना गथ्रीचे वारस म्हणायचं तर बॉब डिलनही आला, आणि मग अर्धी अमेरिका आली.

चाहती : नाही. वारसा सगळ्यांना एकच असला तरी भांडण प्रत्येकाचं वेगळं आहे. शेजारी ओळखायचा असेल तर तो कुणावर रागावला आहे ते बघावं. ‘जेसन अँड द स्कॉर्चर्स’ नॅशव्हिलमध्ये बसून कंट्री संगीत दुप्पट वेगात वाजवत होता. त्याचा राग गुळगुळीत झालेल्या नॅशव्हिलवर होता. त्याला काउपंक म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये लाक नावाच्या गायकाला ग्रीनिच व्हिलेजमधल्या फोकवाल्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून त्यानं लोअर ईस्ट साइडला स्वतःचा अड्डा काढला आणि त्याला अँटी-फोक नाव दिलं. त्याचा राग फोकच्या पुजाऱ्यांवर होता. ‘गोगोल बोर्डेलो’चा युक्रेनमध्ये जन्मलेला युजीन हुट्झ न्यूयॉर्कला आला आणि पूर्व युरोपच्या लग्नांतलं फिडल-अकॉर्डियन पंकला भिडवलं; त्याचा राग स्थलांतरितांना दारात अडवणाऱ्या जगावर. या सगळ्यांचा ठेका मात्र एक आहे. पंकचा मूळ ठेका म्हणजे खालचा ड्रम, वरचा ड्रम, खालचा, वरचा, सरळ दोन-दोन मात्रांचा आणि वेगात. पोल्का तोच आहे. कंट्रीतला आगगाडीचा ठेका त्याचाच भाऊ. आयरिश रीलही त्यावर चपखल बसते. म्हणून ही लग्नं इतक्या सहज लागली. पण फोक पंकचा राग कुणावर होता? तो खुद्द पंकवर होता. जे सगळ्यांचं असायचं होतं, तेही मंच, दर आणि आवाज यांच्यामागे गेलं, याचा तो राग होता.

(इथे हे लिहिणाऱ्याला मध्येच थोडं बोलायचं आहे. राग कुणावर, ही कसोटी मला फार आवडली, कारण ती कानाला न दिसणारी गोष्ट दाखवते. जेफ्री लुइस हा अँटी-फोकमधला माणूस. २००७ मध्ये त्यानं ‘क्रास’ या इंग्लिश अराजकवादी पंक बँडची बारा गाणी शांत, बोलक्या, अकूस्टिक ढंगात गाऊन अल्बम केला. मूळ गाण्यांत शब्द किंचाळण्यात बुडालेले होते. लुइसच्या तोंडून ते पहिल्यांदा वाक्यांसारखे ऐकू आले. तो अल्बम अँटी-फोक की फोक पंक, हे मला सांगता येत नाही. पण राग कुणावर आहे ते अचूक सांगता येतं. तो पंकवरच आहे, आणि त्यात प्रेमही तेवढंच आहे.)

संशयी : मग मी तुमच्या कसोटीची कसोटी घेतो. लोकांच्या चाली घ्यायच्या, साध्या वाद्यांवर, परवानगी न मागता, सत्तेविरुद्ध गायचं, यालाच तुम्ही गाभा म्हणत असाल तर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर फोक पंक ठरतात. १९४४ मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. डफ, तुणतुणं, पोवाड्याची आणि लावणीची चाल, गिरणगावातली चाळ, आणि समोर कामगार. तुमच्या तळघरात जमतात त्यापेक्षा किती तरी पट माणसं. पंक जन्मायच्या तीस वर्षं आधी. आता अण्णाभाऊंना ते लेबल लावायला तुमची जीभ रेटेल का?

चाहती : मुळीच नाही रेटणार, आणि रेटूही नये. त्यांची गाणी तमाशाच्या फडातून आली, साम्यवादी पक्षातून आली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वाढली. त्यांना त्यांचं नाव आहे, दुसऱ्याचं उसनं कशाला? पण तुमच्या प्रश्नानं माझ्या व्याख्येत काय कमी आहे ते मला दाखवलं, हे खरं. नुसती रीत पुरत नाही. संगीताचा प्रकार म्हणजे एकमेकांना ऐकलेल्या माणसांचं बोलणं असतं. जो हिलनं ‘साल्व्हेशन आर्मी’च्या भजनांच्या चालींवर कामगारांचे शब्द बसवले आणि १९१५ मध्ये युटाच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. गथ्रीला जो हिल माहीत होता, ब्रॅगला गथ्री माहीत होता, तळघरातल्या पोरांना ब्रॅग आणि पंक दोन्ही माहीत होते. ही साखळी हातांनी हाताळलेली आहे. म्हणून आता मी असं म्हणेन, की पंक ऐकून, पंकवर विश्वास ठेवून आणि मग पंकवर रुसून जो मागे वळला आणि ज्याला मागे जो हिल आणि गथ्री सापडले, तो फोक पंक.

संशयी : हे आधीपेक्षा पुष्कळ नेमकं झालं. पण ‘रुसून’ म्हणालात तिथे राजकारण आणि व्यवहार आले, आणि तिथेच मला सगळ्यांत मोठी अडचण दिसते. ‘अगेन्स्ट मी!’नं २००७ मध्ये ‘सायर’ या बड्या कंपनीकडून अल्बम काढला, तेव्हा जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. ठीक आहे, वाटो. पण करारावर सही झाली म्हणून त्या बँडच्या २००२ च्या गाण्यांचा प्रकार बदलतो का? आणि ‘चंबावम्बा’चं काय करायचं? हे लीड्सचे अराजकवादी पंक. १९८८ मध्ये त्यांनी १३८१ च्या शेतकरी उठावापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची इंग्लिश बंडखोर गाणी एकत्र करून अल्बम केला, तोही वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर. ना गिटार, ना बादली, ना वेग. १९९७ मध्ये ते बड्या कंपनीकडे गेले आणि त्यांचं एक नाचगाणं जगभर वाजलं. नंतर पुन्हा अकूस्टिक झाले आणि २०१२ मध्ये थांबले. यातले ते नक्की फोक पंक कधी होते?

चाहती : माझ्या मते १९८८ मध्ये, आणि सगळ्यांत जास्त. वाद्य नाही, वेग नाही, पण पंक म्हणून जगणारी माणसं पाचशेहून जास्त वर्षांच्या गाण्यांना आपली म्हणून गळा देतात. तुम्ही पहिल्यांदा मला वाद्यांवरून अडवलं होतं. इथे वाद्यच नाही, तरी ओळख पटते. तो अल्बम ऐकताना आपण आपोआप गुणगुणायला लागतो, कारण तो गळ्यांचाच आहे, आणि गळा प्रत्येकाकडे असतो. मला तर वाटतं हा प्रकार कानानं ओळखण्यापेक्षा गळ्यानं ओळखावा. ऐकणाऱ्याला ते गाणं उद्या स्वतः गाता आलं पाहिजे, अशा बेतानं ते केलेलं असतं. कॉर्ड सोप्या, सूरपट्टी अशी की न शिकलेल्या आवाजालाही ओरडता यावी, ध्वनिमुद्रण ओबडधोबड. कोलंबसच्या ‘डिफायन्स, ओहायो’कडे व्हायोलिन आणि चेलो आहेत, पण गाण्यात सगळे एकदम आणि थोडे बेसूर गातात, म्हणजे तुम्ही मिसळलात तर कुणाला खटकणार नाही.

संशयी : आता तुम्ही खऱ्या मुद्द्यावर आलात, आणि इथे मला १९५४ ची एक व्याख्या पुढे ठेवायची आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं त्या वर्षी ठरवलं, की लोकसंगीत तोंडी परंपरेतून घडतं आणि ते तीन गोष्टींनी घडतं : भूतकाळाशी सातत्य, गाणाऱ्यांनी केलेले बदल, आणि समाजानं केलेली निवड. परिषद हट्टी नव्हती. एका व्यक्तीनं रचलेलं गाणंही लोकसंगीत होऊ शकतं, असं तिनं म्हटलं, पण ते लोकांच्या तोंडी जाऊन घडलं पाहिजे. तयार गाणं जसंच्या तसं उचललं आणि तसंच ठेवलं, तर ते लोकसंगीत नव्हे; लोकांनी ते पुन्हा घडवणं हाच त्याचा लोकपणा. आता तुमचं ‘उद्या स्वतः गाता आलं पाहिजे’ यापुढे ठेवा. गाता येणं पुरेसं नाही, बदलता आलं पाहिजे आणि लोकांनी ते बदललं पाहिजे. त्याला वेळ लागतो. म्हणून एखादं गाणं फोक आहे की नाही याचा निकाल गाणारा देऊ शकत नाही. तो नंतरची माणसं देतात. पंकमध्ये उलट आहे. जो आज, आत्ता उभा राहून गातो, तो त्याच क्षणी पंक असतो, कुणाच्या निकालासाठी थांबत नाही. मग फोक पंक असं स्वतःच्या पहिल्याच अल्बमवर लिहिणारा माणूस स्वतःलाच कसलं प्रमाणपत्र देतोय?

चाहती : तो प्रमाणपत्र देत नाही, गाणं हवाली करतोय. निकाल नंतर लागेल हे त्यालाही ठाऊक असतं. आणि तुम्ही म्हणता तो निकाल लागताना दिसेल अशी एक गोष्ट आहे. व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरोचा ‘पॅट द बनी’. आधी ‘जॉनी होबो अँड द फ्रेट ट्रेन्स’, मग ‘विंगनट डिशवॉशर्स युनियन’, मग ‘रॅमशॅकल ग्लोरी’. एक गिटार, घसा फाटेस्तोवर आवाज, व्यसन, तुरुंग, अराजक, आणि मग व्यसनातून बाहेर पडण्याची धडपड, सगळं गाण्यांत. या पिढीच्या फोक पंकमध्ये त्याच्याएवढा गायला गेलेला दुसरा नसेल. २०१६ मध्ये त्यानं जाहीर केलं, की आपण आता स्वतःला अराजकवादी मानत नाही, पंकही मानत नाही, आणि त्यानं ती गाणी गाणं सोडलं. गाणारा निघून गेला, ज्या विश्वासावर गाणी उभी होती तो विश्वासही त्यानं काढून घेतला. तरी पोरं ती गाणी गात राहिली. स्वतःच्या खोल्यांत, रस्त्यावर, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत. लेखक आपल्या गाण्याच्या बाजूनं उरला नाही, तरी गाणं उरलं. माझ्या दृष्टीनं त्याची गाणी त्या दिवशी खरी फोक झाली.

संशयी : मला ते तितकं सोपं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काळजी वाटते. पोरं ते कसं गातात ते ऐका. तोच वेग, तीच कॉर्ड, त्याच जागी तोच चिरकलेला आवाज. त्याचं ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि चुकलं की लगेच ताडून पाहता येतं. तोंडी परंपरेत मूळ प्रत नसते, म्हणून बदल होतो. इथे मूळ प्रत कधीच हरवत नाही. १९५४ च्या परिषदेनं ज्याला घडवणं म्हटलं, ते इथे होतच नाही. होतं ते जतन. मग ती फोक कशी? आणि दुसरं. एका बरबादीच्या काळात लिहिलेले शब्द तो माणूस ज्या दिवशी खाली ठेवतो, त्या दिवशी विशीतली मुलं तेच शब्द उचलून स्वतःवर चढवतात. गाणं लोकांचं झालं म्हणताना, तो माणूस ज्यातून बाहेर पडला त्याची राखणही आपण लोकांवर सोपवतोय का? जो हिलच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही, कारण तो आपल्या शब्दांवर ठाम असतानाच मारला गेला.

चाहती : जतनाचा आक्षेप मी पूर्ण मानणार नाही. शब्द बदलतात. गावाचं नाव बदलतं, एखादं कडवं गाळलं जातं, मुलीनं गायलं की सर्वनामं बदलतात. ते बारीक आहे, पण जुनी कथागीतंही अशाच बारीक बदलांनी बदलत आली. कदाचित मूळ प्रत फोनमध्ये असणं हा अडथळा नसेलही. कदाचित मूळ हाताशी असताना मुद्दाम वेगळं गाणं, हाच आजचा बदल. दुसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. गाणाऱ्यानं आपलं गाणं परत मागितलं तर द्यायचं की नाही? पंक म्हणून विचाराल तर मी म्हणेन, त्याचं आयुष्य, त्याचा शब्द, त्याला हक्क आहे. फोक म्हणून विचाराल तर म्हणेन, आता त्याचा हक्क उरला नाही. आणि मी दोन्ही आहे.

संशयी : मग मी माझा पहिला प्रश्न मागे घेतो. समान काय, हे विचारायला नको होतं. पोग्सना वारसा परत मिळवायचा होता, फेम्सना फुटपाथ पुरेसा होता, तळघरातल्यांना गाणं हातातून सोडून द्यायचं होतं. विचारायचं ते हे, की सोडून दिलेलं गाणं लोकांनी बदललं नाही, नुसतं सांभाळलं, तर ते कुणाचं?

चाहती : आणि बदललं, पण गाणाऱ्याला नको होतं त्या बाजूला, तर?